भंगारातली बलेनो

भंगारवाल्याच्या काट्याला सगळं सारखंच. मोडकी खाट टाका, विहिरीवरचा गंजका पाइप टाका, नाहीतर एकेकाळी पुणे-बंगलोर रस्त्यावर सगळ्यांना मागं टाकणारी मोटार टाका, काटा किलोच सांगतो. आपण काट्याकडं बघायचं नसतं, मालाकडं बघायचं असतं. आमच्या खानापूर-आटपाडी-कडेगावच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. या दुष्काळी पट्ट्यातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती विकत घ्यायची, ती धुवायची, आटवायची आणि तिच्यातनं सोनं-चांदी काढायची, हा तो धंदा. माझा एक मावसभाऊ दक्षिणेत गलाईचं दुकान चालवतो. जत्रेला गावी आला की मला चिडवतो, "तू बी गलाईवालाच की रं. फकस्त तुजी माती काळी आन् वंगणाची."

मी शेतकरी. शिक्षण दहावी. टेंभूचं पाणी शिवारात यायच्या आधी जिरायतीवर घर चालत नव्हतं, म्हणून उमेदीची आठ-नऊ वर्षं कराडला एका गॅरेजात काढली. तिथले मिस्त्री वाडीच्या कारखान्यात फिटर होते. वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी, आमच्याकडं तिला नुसतं वाडीच म्हणतात. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना घातला तेव्हापासून या भागात लोखंड ओळखणारी माणसं तयार होत गेली. तिकडं सातारा रोडला कूपरची इंजिनं निघाली. पहिल्या महायुद्धात नांगराला लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि वाडीला त्या वितळवून नांगर ओतले, ही गोष्ट मिस्त्री चहाच्या वेळी हमखास सांगायचे. वर म्हणायचे, "तोफंचा नांगर झाला, मग मोटारीचं काय घिऊन बसलाय?"

आणि खरंच, मोटारीचं आमच्याकडं काय काय होतं ते शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. ट्रकच्या कमानपाट्याचा ऊसतोडीचा कोयता होतो. त्याची धार कारखान्याचा सगळा हंगाम पुरवते, बाजारातला पत्र्याचा कोयता आठवड्यात वाकतो. जुन्या ट्रकचा आणि जीपचा आस बैलगाडीखाली जातो, तिला आम्ही डनलॉप म्हणतो. अ‍ॅम्बेसिडरच्या गिअरबॉक्सवर कुणी कुट्टी मशीन चालवलंय, कुणी मळणी यंत्र. आता तर आमच्या तालुक्यातलं देवराष्ट्रे यशवंतराव चव्हाणांचं गाव म्हणून जेवढं ठाऊक होतं तेवढंच दत्तात्रय लोहारांच्या गाडीमुळं झालं. लेकाच्या हट्टापायी त्यांनी भंगारातल्या सामानातनं छोटी जीप बांधली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी बघितला आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत दिलीही. महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. ते वाक्य लोकांनी फारसं वाचलं नाही, बोलेरो तेवढी बघितली. मला ते वाक्यच जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याचं कारण पुढं येतंय.

आमच्या भंगारात फेरारी येत नाही. आमच्या वेगाच्या गाड्या म्हणजे इसुझूच्या अठराशे सीसी इंजिनाची काँटेसा, जिप्सी, एस्टीम, डिकीवाली पहिली बलेनो, झालंच तर पॅलिओ सोळाशे. साधी गाडी म्हातारी होऊन भंगारात येते. वेगाची गाडी बहुतेक वेळा अर्ध्या वयात येते. पहिला मालक हौशी असतो, दुसरा त्याहून हौशी आणि खिशानं हलका, तिसऱ्याला पेट्रोल परवडत नाही. तोवर कंपनी सामान द्यायची बंद झालेली असते. मग गाडी बाभळीखाली उभी राहते, उंदीर वायरिंग खातात. नाहीतर ती एखाद्या वळणावर संपते.

पण अशा गाडीत ऐवज असतो. काँटेसाचंच बघा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ साली काढली तेव्हा तिच्या एवढ्या थोरल्या अंगात अ‍ॅम्बेसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. बैलाच्या जागी शेरडू जुंपल्यागत. पुढं इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा ती पळायला लागली. ते इंजिन पुढं कंपनीनंच अ‍ॅम्बेसिडरमध्येही घातलं. म्हणून भंगारात काँटेसा आली की आमचे मिस्त्री बाकी सगळं सोडून आधी तिचं बॉनेट उघडायचे. कितीतरी अ‍ॅम्बेसिडर त्यांनी त्या इंजिनावर तरुण करून दिल्या.

तसंच नातं जिप्सी आणि बलेनोचं. जिप्सी डोंगर चढायला पक्की, पण इंजिन तेराशेचं. बलेनोचं सोळाशेचं, सोळा व्हॉल्व्हचं, आणि एकाच घराण्यातलं. सम्प, माउंटिंग, वायरिंग जुळवून घ्यावं लागतं, पण बसतं. डोंगरात गाड्या चढवायचा नाद असलेली पोरं त्यासाठी जुनी बलेनो हुडकत फिरतात.

काय घ्यायचं हे शिकायला मला वर्ष लागलं असेल. काय सोडायचं ते शिकायला बाकीची सगळी. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, अल्टरनेटर, सेल्फ, मीटर, काचा, दारं, हे तपासून घ्यावं. रबरी होज, बेल्ट, सील फुकट दिलं तरी घेऊ नये. एकदा ताण बसलेला सीटबेल्ट कधी घेऊ नये. सायलेन्सरच्या नळीत मध्येच एक फुगीर डबा असतो, त्याला कॅट म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमाती असते. पूर्वी भंगारवाले तो डबा पत्र्याच्या भावात द्यायचे. मावसभावानं मला सांगितलं की त्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा हात फिरवलेला असतो. आता हे भंगारवाल्यांनाही कळलंय. बाहेरचे व्यापारी येऊन नुसते तेवढेच डबे घेऊन जातात. अशा डब्याशिवायची गाडी बघितली की मला नाकातली नथ काढून घेतलेल्या बाईची आठवण येते.

थोरल्या भावाच्या माघारी पुतण्यानं विट्याच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. कर्ज पतसंस्थेचं, जामीन मी. २०२१ च्या दिवाळीनंतर त्याच्याकडं साताऱ्याकडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याला जिप्सीत बलेनोचं इंजिन बसवून पाहिजे होतं. मेढ्याकडं त्याची स्वतःची डोंगराची जमीन, गाडी तिथंच फिरवायची आणि न्यायची ती टेम्पोवर घालून. मी हे आधी विचारून घेतलं. कारण इंजिन बदललं की आरटीओकडं नोंद लागते, आणि गाडीच्या मूळ घडणीत परस्पर बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत पुन्हा स्पष्ट केलंय. रस्त्यावर पळवायची म्हणला असता तर मी ते काम घेऊ दिलं नसतं. गिऱ्हाइकानं वीस हजार हातात ठेवले. पुतण्याचे पतसंस्थेचे तीन हप्ते थकले होते, ते वीसच्या वीस तिकडं गेले. म्हणजे आता इंजिन कमीत कमी पैशात मिळवणं भाग होतं.

पहिली बलेनो सांगलीला मिळाली. पुरातली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ ची. त्यानंतर सांगलीच्या भंगारात बुडलेल्या गाड्यांचा नुसता खच पडला. त्या संपतायत तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. ही त्या दुसऱ्या पुरातली. भंगारवाल्यानं सांगितलं, "पाणी फक्त टायरपर्यंत होतं." इंजिन चकाचक.

पुतण्या म्हणाला, "आण्णा, कसलं सवच्छ हाय बगा."

"सवच्छ हाय म्हणूनच भ्या वाटतंय. धुतलंय त्येनं."

पुराचं पाणी आम्हाला लहानपणापासून माहीत. नदीवरचं ऑइल इंजिन दर दोन-चार पावसाळ्यांनी बुडायचंच. पाणी उतरलं की त्याची खूण मात्र मागं राहते, कितीही धुवा. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला गाळाची तांबूस रेघ. म्हणजे पाणी गाडीच्या आत शिरलं होतं. सीटच्या पटरीत बोट घातलं, बारीक पोयटा निघाला. डीपस्टिक काढली, तेल कोरं, नुकतं बदललेलं. पण ऑइल भरायच्या टोपणाच्या आत चहाच्या सायीगत पांढरट थर तसाच होता.

आता बुडालेलं इंजिन म्हणजे वाया गेलेलं इंजिन असं नाही. बंद असताना बुडालं आणि लगेच खोललं, तर धुऊन-पुसून चालतं. पाण्यातनं काढायच्या घाईत कुणी सेल्फ मारला असेल तर मात्र खेळ संपला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरनं काही दिसत नाही. ओळखायची युक्ती मिस्त्रींची. चारी प्लग काढायचे, कळकाची सरळ काडी एकेका भोकातनं पिस्टनवर टेकवायची, इंजिन हातानं फिरवायचं, आणि पिस्टन सगळ्यात वर आला की काडीवर खूण करायची. चारी खुणा एका ओळीत आल्या पाहिजेत. आमच्या तीन आल्या. तिसऱ्या सिलेंडरची दोन-अडीच मिलिमीटर वर.

भंगारवाला बारा हजारांवरनं आठवर आला. पुतण्याची चुळबूळ चालली होती. रॉड बदलू म्हणाला. मी म्हणलं, रॉड बदलशील, पण तीन-चार महिने गाळ धरून बसलेलं बेअरिंग, गंजलेला बोअर, सगळं धरलं तर आठाचे तीस होतील. आम्ही तिच्या चार काचा आणि मागचे दिवे घेतले आणि परत आलो. एसटीत पुतण्या एक शब्द बोलला नाही.

दुसरी साताऱ्याच्या अलीकडं, हायवेच्या कडेच्या एका भंगारात होती. अपघाताची. डावी बाजू पुढनं पार आत गेलेली, उजवी दारं एकदम कोरी. आम्ही कागद बघितले, चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून घेतला. चोरीची गाडी अशीच भंगारातनं जाते आणि घेणारा अडकतो, म्हणून हे पहिलं काम. तेल स्वच्छ, काडीच्या चारी खुणा एका ओळीत. रेडिएटर फुटलेला, पण इंजिनाला मार नव्हता. वायरिंग आणि ईसीएम जागेवर. ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू, तो नसला तर इंजिन नुसतं वजन.

मागच्या सीटवर काचांच्या चुऱ्यात एक शाळेची वही होती, पाढ्यांची. मी भंगारवाल्याला विचारलं, माणसं? तो म्हणाला, "त्ये आमाला म्हाईत नसतंय. गाडी येती, आमी घेतो." वही मी डॅशबोर्डवर ठेवली. दुसरं काय करणार होतो.

अख्खी गाडी बावीस हजारांना ठरली आणि टेम्पोनं गॅरेजवर आली. दोन दिवसांत इंजिन उतरलं. पुतण्याचा चेहरा फुलला. आता राहिलेलं विकून गाडीची किंमत काढायची होती. त्यात विट्यातले एक मास्तर त्याच्याकडं दोन महिने खेटे घालत होते. त्यांचीही तीच बलेनो, जपून वापरलेली, पण पुढची दोन्ही नकल खराब. नकल म्हणजे चाकाचा हब, ब्रेक आणि स्टेअरिंगचा रॉड ज्याला धरतात तो ओतीव तुकडा. नवीन कंपनीत मिळत नव्हतं. आमच्या गाडीचं डावं अपघातात गेलेलं, ते दिसतच होतं. उजवं हातात घेतलं तर नवं वाटावं असं.

मी म्हणलं, अपघाताच्या गाडीचं स्टेअरिंगचं आणि ब्रेकचं सामान द्यायचं नाही.

"आण्णा, मार डाव्या बाजूला बसलाय. ह्ये उजवं हाय. डावं दुसरीकडनं आणतो मी. साडेतीन हजाराला जोड जातोय. तुमी कशात बी खोड काढताय. सांगलीची सोडली, आता ह्ये सोडा. हप्ता काय खडी फोडून भरू?"

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. जामीन मीच होतो, हप्ता थकला की नोटीस दोघांच्या नावानं. आणि दिसायला तर तुकड्यात काही दोष नव्हता. पण मोटार डावीकडनं आदळली तरी धक्का आसातनं, रॉडातनं दुसऱ्या चाकापर्यंत जातो. दोऱ्याच्या एका टोकाला ओढ दिली की दुसरी गाठही आवळते, तसंच.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. नकल घासून स्वच्छ केलं आणि रात्रभर डिझेलात बुडवून ठेवलं. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो. ते रेशनवरनं गेलं, आता डिझेलवर भागवतो. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसलं, वरनं शाळेचा पांढरा खडू पाण्यात कालवून त्याचा पातळ लेप दिला आणि उन्हात ठेवलं. लेप वाळला की हातोडीनं दोन-चार हलके टोले द्यायचे. तुकडा अखंड असेल तर खडू पांढराच राहतो. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि खडू तेवढाच भिजतो.

पुतण्या माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. अर्धा चहा झाला तोवर काही नव्हतं. मग वरच्या दांडीच्या मुळाशी, जिथं शॉकअबचे बोल्ट बसतात तिथं, केसाएवढी काळी रेघ उमटायला लागली. उमटत उमटत करंगळीच्या पेराएवढी झाली आणि थांबली. नख फिरवून बघितलं तर हाताला काही लागत नव्हतं.

त्यानं बोट लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "मास्तरांची पोरगी हाय न्हवं, ती रोज पुढं बसती."

मी काही बोललो नाही.

तुकडा भंगारात परत टाकायला तो निघाला होता. ते मात्र मी करू दिलं नाही. भंगारातनं तो पुन्हा कुणाच्या तरी हाताला लागला असता, लेप पुसला की नवाच दिसला असता. गॅस कटरनं त्याचे दोन तुकडे केले, मग टाकला. ब्रेकच्या नळ्या, स्टेअरिंगचा रॅक, टाय रॉड सगळं तसंच कापलं. काट्यावर त्या सगळ्याचे मिळून दीड-दोनशे रुपये आले. मास्तरांना महिनाभरानं पुण्याकडनं एका बंद पडलेल्या, पण न आदळलेल्या गाडीचा जोड मिळाला. तोही पुतण्यानं आधी डिझेलात घातला. मी सांगितलं नव्हतं.

जिप्सी फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच सुमारास देवराष्ट्र्याच्या बोलेरोची चर्चा गॅरेजात रोज चालायची, आणि पोरं म्हणायची, आपणही एक बांधू, आपल्यालाही कुणीतरी बघेल. बांधा की. पण रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागते, बघणारा कुठं का असेना.

आता सरकारनं भंगाराचं धोरण आणलंय. २०२१ च्या ऑगस्टात ते जाहीर झालं, आणि २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची तर सहाशेच्या जागी पाच हजार भरावे लागतात. परवान्याच्या मोठ्या केंद्रात गाडी द्यायची, दाखला घ्यायचा. धूर ओकणाऱ्या गाड्या जाव्यात, चोरीचा माल बंद व्हावा, याला माझी ना नाही. एवढंच वाटतं की त्या केंद्रात दाबयंत्राच्या आधी एखादा मिस्त्री उभा असावा, ज्याला बॉनेट उघडून आत काय आहे ते कळतं. नाहीतर कॅटचा डबा तेवढा काढतील आणि चांगलं इंजिन पत्र्यासंगं दाबून टाकतील.

पतसंस्थेचे हप्ते पुतण्यानं वर्षभरात सरळ केले. बलेनोच्या उजव्या बाजूची दोन्ही दारं, डिकीचं झाकण आणि मीटर विकलं गेलं. गिअरबॉक्स जिप्सीला लागत नाही, त्यामुळं तो अजून आमच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागं पडून आहे. पाची गिअर पडतात, मी हातानं फिरवून बघितलेत, आवाज नाही. कुणाची जुनी बलेनो असेल तर त्यानं यावं, खोलून बघावं आणि काट्याच्या भावानं घेऊन जावं.